घाट नको, फाटक हवं: घरातल्या छोट्या रेल्वेचं एक प्रकरण

## पार्श्वभूमी

डोंबिवलीतलं दोन बेडरूमचं घर. आई-बाबा, आजोबा, पहिलीत जाणारी सहा वर्षांची मुलगी आणि अडीच वर्षांचा मुलगा. खरी नावं देत नाही. घरात मुलीला सगळे ताई म्हणतात, धाकट्याला छोटू आणि आजोबांना अण्णा, इथेही तेच चालवतो. ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत, लेआउटची, म्हणजे छोट्या रेल्वेच्या मांडणीची, मापं मात्र जशी होती तशी दिली आहेत, कारण या प्रकरणाचा बराचसा जीव मापांतच आहे.

अण्णांची नोकरी रेल्वेत झाली आणि तिचा मोठा काळ कर्जत यार्डात पॉइंट्समन म्हणून गेला. घाट चढणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून ढकलणारी बँकर इंजिनं जोडतात आणि लोणावळ्यात काढतात. ते जोडणं-सोडणं, सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे जोड) फिरवणं, शंटिंगला, म्हणजे डबे पुढे-मागे करून लावताना, हिरवा-लाल झेंडा दाखवणं हे त्यांचं रोजचं काम. बाबा आयटीत, पण लहानपण रेल्वे क्वार्टर्समध्ये गेलेलं. ताईचा मामा इंग्लंडहून आला तेव्हा त्याने हॉर्नबी या खेळण्यातल्या रेल्वेच्या कंपनीचा एक सुरुवातीचा संच आणला: चार चाकांचं छोटं वाफेचं इंजिन, तीन डबे, दोन वाघिणी (मालाचे डबे), रुळांची अंडाकृती, एक सांधा आणि रुळांना वीज पुरवणारा कंट्रोलर. इंग्लंडची वीजही आपल्यासारखीच २३० व्होल्टच्या आसपासची, त्यामुळे फक्त पिनेचा अडॅप्टर लागला. (अमेरिकेतून १२० व्होल्टचा कंट्रोलर आणलेल्यांनी तो इथल्या सॉकेटमध्ये थेट लावू नये, तो जळतो. हे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही.)

संच आला त्या दिवशी गाडी जमिनीवर दोन तास फिरली. त्याच आठवड्यात बाबांनी ठरवलं की बापलेकीने मिळून कायमचा लेआउट बांधायचा, आणि तो असेल भोर घाट, म्हणजे हाच कर्जत-लोणावळ्याचा. मधे एक रविवार पुण्याला जाऊन कोथरूडमधलं जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालयही सगळ्यांनी पाहिलं. भाऊ जोशींनी आयुष्यभर जोपासलेल्या छंदातून उभं राहिलेलं आणि १९९८ पासून लोकांसाठी खुलं असलेलं ते काम पाहून कुणाच्याही डोक्यात मोठा आराखडा आकार घेऊ लागेल. बाबांच्याही घेतला.

मला बोलावलं ते यानंतर साधारण आठ महिन्यांनी. मी या छंदात बरीच वर्षं आहे आणि कुणाचं वायरिंग किंवा सांधा अडला की निरोप येतो. हा निरोपही तसाच होता: "चढावर इंजिन घसरतंय, जरा बघाल का?"

## अडचण

इंजिन घसरत होतं हे खरंच, आणि त्याचं कारण पाच मिनिटांत सापडलं. खोलीच्या कोपऱ्यात, दोन बाजूंनी भिंतीला टेकवलेला १८० बाय १२० सेंटिमीटरचा एमडीएफचा (दाबलेल्या लाकडी भुशाचा) फळा होता. त्यावर अंडाकृती, आणि तिचाच एक पदर दुसऱ्यावरून पुलाने जाणार असा आराखडा.

आता हिशेब बघा. खालच्या रुळावरून डबा सुखरूप जायचा तर वरचा रूळ साधारण साडेसात सेंटिमीटर उंच हवा. एकास तीसचा चढ धरला तर तेवढं चढायला २२५ सेंटिमीटर लागतात आणि उतरायला पुन्हा तेवढेच, म्हणजे साडेचार मीटर. संचातल्या वळणांची त्रिज्या ४३.८ सेंटिमीटर. त्या वळणांनी या फळ्यावर जी अंडाकृती बसते तिचा पूर्ण फेरा जेमतेम सव्वाचार मीटर. म्हणजे सपाट जागा शून्य ठेवूनही घाट मावत नव्हता. बाबांनी तो मावण्यासाठी चढ एकास वीस केला. खऱ्या भोर घाटाचा सर्वांत तीव्र चढ एकास सदतीस आहे. एकास वीस हा नेरळ-माथेरानचा चढ झाला, आणि तिथे गाडी दोन फुटी गेजची (रुळांमधलं अंतर दोन फूट), मोजक्या हलक्या डब्यांची. इथे तो चढही तीव्र वळणावर होता. चार चाकांचं हलकं इंजिन आणि मागे तीन डबे. घसरणारच.

पण त्या खोलीत मला दिसलेली खरी अडचण वेगळी होती. मी चढ मोजत असताना ताई दारात उभी होती, आत येत नव्हती. बाबा म्हणाले, "ये ना, काकांना दाखव आपली गाडी." ती म्हणाली, "बाबांची आहे." रागाने नाही, एखाद्याला पत्ता सांगावा तसं साधं सांगितलं.

नंतर आईशी आणि अण्णांशी बोलताना उलगडा होत गेला. पहिले काही आठवडे ती रोज बसायची. मग तिच्या वाट्याला येणारी कामं कमी होत गेली. रुळांच्या जोडपट्ट्या तिच्या बोटांना लावता येईनात, जोर केला की वाकत. फळा १२० सेंटिमीटर रुंद, तिचा हात पोचणार पन्नासेकपर्यंत. गाडी घसरायची ती नेमकी भिंतीकडच्या वळणावर, म्हणजे प्रत्येक वेळी बाबांना हाक. सोल्डरिंग चालू असलं की खोलीत यायचं नाही. फेविकॉल ओला असला की हात लावायचा नाही. यातली प्रत्येक सूचना एकेकटी घेतली तर रास्तच होती, सगळ्या मिळून मात्र तिला त्या खोलीत करायला काही उरलं नव्हतं.

आणि एक स्टेशन होतं. तिने काड्यापेट्या चिकटवून केलेलं, वर निळा घोटीव कागद, पुढे स्केच पेनने लिहिलेलं नाव: आजीगाव. काड्यापेट्यांचं स्टेशन लेआउटच्या १:७६ च्या प्रमाणात (सगळं खऱ्याच्या शहात्तराव्या भागाएवढं) बसत नव्हतं म्हणून ते फळ्यावरून उचलून कपाटावर ठेवलेलं होतं. बाबांनी टाकलं नव्हतं, जपूनच ठेवलं होतं. पण ताईच्या लेखी स्टेशन रुळांपासून दूर गेलं होतं, आणि त्यानंतरच तिचं येणं थांबलं असं आईचं म्हणणं. मला ते पटलं.

यात भर म्हणजे पावसाळा. फळा गॅलरीच्या दाराजवळ होता. एमडीएफच्या कडांनी ओल धरली, कडा फुगल्या आणि त्या बाजूचे रूळ वरखाली झाले.

## समोरचे पर्याय

पुढच्या रविवारी सगळे बसलो. पर्याय चार होते आणि प्रत्येकाला घरात कुणी ना कुणी वकील होता.

घाट पुरा करायचा. बाबांचा कल इकडे. एवढं झालंय, चढ कमी करू, वरचा पूल काढू, ताई मोठी होईल तशी येईल. आठ महिन्यांचे शनिवार-रविवार त्यात गेले होते, त्यामुळे हा पर्याय हलका समजायचं कारण नव्हतं.

बँकर लावायचा. हा अण्णांचा. चढावर गाडी दमते तर मागून इंजिन लावा, कर्जतला तेच करतात. हे ऐकून दारातली ताई दोन पावलं आत आली, ते मी टिपून ठेवलं. साध्या डीसी कंट्रोलरवर एकाच रुळावर दोन इंजिनं चालतातही. पण दोन वेगळ्या मोटरींचा वेग सारखा नसतो. मागचं इंजिन पुढच्यापेक्षा थोडं जोरात असलं की मधले हलके डबे दाबले जातात आणि तीव्र वळणावर रूळ सोडतात. खर्च दुसऱ्या इंजिनाचा आणि अडचण तीच.

मोडून गुंडाळून ठेवायचं. आईने हे स्पष्ट म्हटलं. छोटूच्या हाती परवा रुळाची जोडपट्टी लागली होती. अडीच वर्षांचं मूल हाताला येईल ते तोंडात घालतं. जोडपट्ट्या, खिळे, डब्यांचे बफर, डबे जोडायचे आकडे, सगळ्याच वस्तू घशात अडकण्याच्या मापाच्या. तिची काळजी बाजूला ठेवून कुठलाच निर्णय घेता येणार नव्हता.

लहान करायचं. हा माझा. गोल फिरणारी गाडी सोडून एक अरुंद यार्ड: दोन सांधे, तीन सायडिंग (डबे उभे करायचे बाजूचे रूळ), आणि इंजिन पुढे-मागे करायला एक बंद टोकाचा रूळ, म्हणजे डोकं. यात गाडी कुठे 'पोचत' नाही, पण वाघिणी हव्या त्या क्रमाने लावण्याचं काम मिळतं. अ‍ॅलन राइट या इंग्लिश छांदिष्टाने केलेलं 'इंगलनुक' नावाचं कोडं आहे. त्यात एक सायडिंग पाच वाघिणींचं, दोन तीन-तीनचे, आणि डोक्याच्या रुळावर इंजिन अधिक तीन वाघिणी मावतील एवढीच जागा. आठ वाघिणींतून चिठ्ठ्या टाकून पाच निवडायच्या आणि चिठ्ठीच्या क्रमानेच गाडी जुळवायची. क्रमांची संख्या ६७२० भरते, म्हणजे एवढ्याशा फळीवर खेळ संपत नाही. सहा वर्षांच्या मुलीसाठी याचंच छोटं रूप चालतं: सायडिंग तीन, दोन आणि दोनचे, पाच वाघिणी, त्यातून तिघींची गाडी. क्रम ६०.

कुणाचंच एकमत होईना तेव्हा मी ताईला विचारलं की तुला गाडीत काय आवडतं. घाट, बोगदा, इंजिन, यापैकी काहीच ती म्हणाली नाही. म्हणाली, "फाटक." गावी जाताना लागणारं फाटक, ते पडतं, सगळ्या गाड्या थांबतात, मग ते वर जातं. आठ महिन्यांच्या त्या आराखड्यात फाटक कुठेच नव्हतं, कारण भोर घाटाच्या त्या तुकड्यात बाबांना ते सुचण्याचं कारण नव्हतं.

मला विचाराल तर सगळ्या प्रकरणातला निर्णायक क्षण हा. मुलासोबत लेआउट बांधायला घेणारे आधी जागा मोजतात, मग स्केल ठरवतात, मग बजेट. मुलाला काय चालवायचंय, काय बघायचंय हा प्रश्न सगळ्यांत आधी यायला हवा, कारण बाकीची सगळी मापं त्याच्यामागून बदलतात. ताईला फाटक उघडायचं-मिटायचं होतं. त्यासाठी चढ लागत नाही, बोगदा लागत नाही. लागतो हाताच्या अंतरावर एक रस्ता आणि त्यावरून वारंवार जाणारी-येणारी गाडी. यार्डात गाडी पुढे-मागे सतत जाते. डोक्याच्या रुळावर फाटक टाकलं की दर फेरीला ते पडणार.

बाबा त्या वेळी गप्प राहिले. दोन दिवसांनी त्यांचाच फोन आला की लहान करू.

## काय केलं

नवी फळी १४० सेंटिमीटर लांब, ३५ रुंद. रुंदी ताईच्या हातावरून ठरवली: ती उभी राहिली, हात पुढे केला, अण्णांनी पट्टी धरली. पलीकडच्या कडेला पडलेली वाघीण तिला स्वतः उचलता आली पाहिजे, ही एकच अट. एमडीएफ न घेता ९ मिलिमीटरचं प्लायवूड घेतलं, खाली लाकडी पट्ट्यांची फ्रेम, आणि कापलेल्या कडांना रंगाचे दोन हात. कोकणपट्टीच्या हवेत हे टाळू नये.

उंचीचा प्रश्न छोटूमुळे सुटायला वेळ लागला. ताईच्या कोपराच्या उंचीवर, म्हणजे ७० सेंटिमीटरवर फळी ठेवली असती तर छोटूचा हात सहज पोचला असता. म्हणून फळी ब्रॅकेटवर ९० सेंटिमीटर उंच बसवली आणि ताईसाठी देवघरातला जुना चौरंग आला. पुढच्या कडेला पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची बोटभर उंच पट्टी, गाडी खाली पडू नये म्हणून. सुटे भाग झाकणाच्या डब्यात, डबा कपाटावर. खेळ संपला की वाघिणी मोजून डब्यात टाकायच्या ही जबाबदारी ताईची, आणि ती तिने आजवर कुणी न सांगता पाळली आहे. आईचा विरोध मावळला तो या मोजणीमुळे.

पहिल्याच संध्याकाळी गाडी चालली, आणि याबद्दल मी हट्ट धरला होता. रंग नाही, खडी नाही, उघड्या प्लायवर रूळ नुसते टाचलेले, कंट्रोलरच्या दोन वायरी अडकवलेल्या. दुसरा सांधा एका ओळखीच्या छांदिष्टाकडून जुना मिळाला. असं उघडं यार्ड काही आठवडे चालवलं. त्या काळात दोन गोष्टी कळल्या ज्या कागदावर कळल्या नसत्या. एक, ताई डावखुरी आहे आणि सांध्याची दांडी उजवीकडे होती, म्हणून आख्खं यार्ड उलटं फिरवलं. रूळ टाचलेलेच होते, अर्ध्या तासात झालं. चिकटवलेले असते तर झालंच नसतं.

दुसरी गोष्ट इंजिनाची. सांध्याच्या क्रॉसिंगवर, म्हणजे दोन रूळ एकमेकांना छेदतात तिथे, त्या संचातल्या सांध्याला प्लॅस्टिकचा तुकडा असतो. तिथे वीज नसते. वेगाने जाणारं इंजिन तेवढा तुकडा झपकन ओलांडतं, पण शंटिंग हळू करायचं असतं, आणि चार चाकांच्या आखूड इंजिनाची चाकं बरोब्बर त्या तुकड्यावर येऊन ते अडतं. बोटाने ढकलावं लागतं. मोठ्या माणसाला हे चालून जातं. लहान मुलाला वाटतं की आपलंच काही चुकलं. इथे पैसे खर्च करण्यासारखे होते, म्हणून आठ महिन्यांत न घेतलेलं दुसरं इंजिन आता घेतलं: सहा चाकांचं, सगळ्या चाकांतून वीज घेणारं जुनं डिझेल शंटर. ते अडत नाही. अण्णांनी ते हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं आणि म्हणाले, "हे आपल्या यार्डातलं."

आकडा. संचातले डबे ज्या कड्या-आकड्याने जोडतात ते हाताने सोडवताना ताईकडून वाघीण उचलली जायची आणि शेजारची रुळावरून उतरायची. बाजारात चुंबकाने सुटणारे आकडे मिळतात, पण घरात छोटू असताना सुटे चुंबक आणायचे नाहीत हे ठरलेलं होतं. दोन चुंबक गिळले गेले तर ते आतड्यात एकमेकांना ओढतात आणि जिवावर बेततं. अण्णांनी पेन्सिलच्या मागच्या टोकाला केसांची पिन दोऱ्याने करकचून बांधली, पिनेचं टोक पकडीने वाकवलं, आणि ताईला दाखवलं: खालून घालायचं, किंचित वर, मग इंजिन जरा मागे. आधी तिचा हात थरथरायचा. मग तिने कोपर अ‍ॅक्रिलिकच्या पट्टीवर टेकवायला स्वतःच सुरुवात केली आणि हात स्थिर झाला. हे कुणी शिकवलं नव्हतं.

चिठ्ठ्यांचा खेळ अण्णांनी आपल्या पद्धतीचा केला. वाघिणींना नंबराऐवजी माल दिला: मीठ, कोळसा, सिमेंट, दूध, आंबे. स्टीलच्या छोट्या डब्यातून तीन चिठ्ठ्या काढायच्या आणि अण्णा मोठ्याने हुकूम सोडणार: "ताई, आंबे पुढं, मग दूध, मीठ शेवटाला. सांधा बघ आधी, मग गाडी हलव." ती सांधा बघते, बोट दाखवून "सांधा एक नंबर" म्हणते, फाटक पाडते, मग नॉब फिरवते. फाटक म्हणजे आइस्क्रीमच्या काडीला लाल-पांढरे पट्टे, टोकाला वजन म्हणून एमसीलचा गोळा आणि खालून ओढायला दोरा. विजेचं फाटक बाबा करून देणार होते. तिने नको म्हटलं, दोरा ओढायलाच तिला आवडतो.

घाट उतरणाऱ्या गाडीला ठरलेल्या जागी थांबून ब्रेक लागतात हे दाखवावं लागतं, तोवर सांधा कॅच सायडिंगकडे (ब्रेक न लागलेली गाडी अडवायचा बाजूचा रूळ) लावलेला असतो, हे अण्णांनी एकदा गोष्टीसारखं सांगितलं. तेव्हापासून ताईचं दोन नंबरचं सायडिंग कॅच सायडिंग झालं आहे आणि वापरात नसताना सांधा तिकडेच लावून ठेवायचा असा तिचा नियम आहे. यार्ड सपाट आहे, पळून जायला गाडीला उतार नाही, पण नियम चांगला आहे आणि तो मोडायला कुणाला सांगू नये.

वायरिंग आणि रंग यांचं काम थोडक्यात उरकलं. सोल्डरमध्ये बहुधा ६० टक्के कथील आणि ४० टक्के शिसं असतं, म्हणून ते काम मुलं शाळेत असताना, खिडकी उघडून, नंतर फळी पुसून आणि हात धुऊन. रूळ पुसायला पॉलिशपेपर वापरायचा नाही, चरे पडतात आणि त्यात मळ बसतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेलं सुती फडकं पुरतं, आणि तेही मोठ्या माणसाच्या हाती. खडी म्हणून चाळलेली बारीक वाळू, त्यावर निम्मं पाणी घातलेला फेविकॉल, त्यात भांडी घासायच्या साबणाचा थेंब, म्हणजे पाणी वाळूवर गोळा न होता आत झिरपतं. सांध्याच्या हलत्या पात्यांजवळ मात्र गोंद जाऊ द्यायचा नाही.

डोंगराला ताईने दिवाळीच्या किल्ल्याची रीत लावली. वर्तमानपत्राचे बोळे, त्यावर ओल्या फडक्याचे तुकडे, वर मातीचा लेप. किल्ल्यावर अळीव पेरतात तसे इथेही पेरायचे असा तिचा आग्रह होता. ओल रुळांपर्यंत जाईल म्हणून ते प्लॅस्टिकच्या झाकणात पेरून झाकण डोंगराच्या खोबणीत बसवलं. चार दिवसांत डोंगर हिरवा. बाबांना लाकडाच्या भुशाला रंग देऊन गवत करायचं होतं. तेही झालं, दुसऱ्या टोकाला.

आजीगाव कपाटावरून खाली आलं आणि एक नंबरच्या सायडिंगला लागलं.

## निष्पत्ती

या गोष्टीला आता दीड वर्ष होईल. ताई रोज खेळते असं नाही. परीक्षा, पाहुणे, सायकल, सगळं आहे. पण आठवड्यातून दोन-तीनदा ती आणि अण्णा यार्डात असतात, आणि मैत्रिणी आल्या की फाटकाचा दोरा कुणी ओढायचा यावरून ओढाताण असते. वाघिणी वाढून आठ झाल्या, सायडिंग पुढे ओढून पाच-तीन-तीनचे केले. त्यासाठी फळीला तीस सेंटिमीटरचा तुकडा जोडावा लागला.

स्टेशनचं पुढे काय झालं ते मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. मामाने माणसांच्या छोट्या मूर्ती पाठवल्या. ताईने त्या आजीगावात उभ्या केल्या आणि तिच्याच लक्षात आलं की दारातून कुणी आत जाऊ शकत नाही, दार माणसाच्या कमरेएवढं. तिने बाबांना विचारलं. बाबांनी पट्टी दिली आणि खरं दार साधारण दोन मीटरचं असतं एवढंच सांगितलं. ७६ ने भागल्यावर सव्वीस मिलिमीटर येतात हे कॅल्क्युलेटरवर तिने पाहिलं आणि जुनं स्टेशन बाजूला ठेवून पुठ्ठ्याचं नवं केलं. नाव तेच. प्रमाणाचा जो आग्रह आधी तिला खोलीबाहेर घेऊन गेला होता, तो तिच्या स्वतःच्या गरजेतून आला तेव्हा तिने अख्खं स्टेशन पुन्हा बांधलं.

इथे बाबांना एक प्रश्न पडला होता, तो इतरांनाही पडेल. आपल्या ब्रॉडगेजच्या १६७६ मिलिमीटरचे या प्रमाणात २२ होतात, आणि रूळ तर साडेसोळाचे. मग भारतीय यार्ड खरं कसं दिसणार? नाही दिसणार. मोठ्यांनी एकट्याने बांधायच्या लेआउटसाठी तो प्रश्न जरूर घ्यावा.

गाडी गोल फिरताना बघायची हौस ताईला उरलीच, ती यार्डाने भागत नाही. म्हणून जुन्या अंडाकृतीचे रूळ रविवारी जमिनीवर येतात, जुन्या फ्लेक्सच्या कोऱ्या पाठीवर. सतरंजीवर मांडले तर धागे आणि केस चाकांत गुंडाळतात. फ्लेक्सवर मार्करने रस्ते, तळं आणि आणखी तीन फाटकं काढली आहेत. खेळ संपला की रूळ खोक्यात.

बाबांचा घाटही पूर्ण सुटलेला नाही. मोठ्या फळ्याचा चांगला राहिलेला भाग कापून त्यांनी ६० बाय ३५ चा स्वतःचा वेगळा तुकडा केला. रूळ त्यावर सपाट आहेत. फ्रिजच्या खोक्यातून आलेल्या पाच सेंटिमीटर जाड थर्माकोलवर रूळ टाकून खालची जमीनच कोरून काढली, त्यामुळे पूल उंच दिसतो आणि गाडीला चढ शून्य. थर्माकोलला पांढरा गोंदच लावायचा, रबरी सोल्युशन आणि स्प्रेचा रंग तो खाऊन टाकतात. हा तुकडा बाबांचा आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. तिथे ताई मदतनीस असते आणि "हात लावू का?" असं विचारते. यार्डात बाबा तिला तसंच विचारतात.

## वेगळं काय करता आलं असतं

हाताचं माप पहिल्याच दिवशी घ्यायला हवं होतं. तेवढ्या एका मापाने १२० रुंदीचा फळा भिंतीला लागला नसता. भिंतीपासून दोन फूट सोडून मधोमध ठेवला असता तरी चाललं असतं, पण मुंबईकडच्या घरात तेवढी जागा कुणाकडे असते?

जोडपट्ट्यांचा त्रास सुरुवातीलाच ओळखता आला असता. खडीचा प्लॅस्टिक पाया असलेले आणि खटकन बसणारे रूळ मिळतात, ते सहा वर्षांच्या बोटांना जमतात. महाग पडतात हे खरं, पण मुलाने स्वतः रूळ मांडावे असं वाटत असेल तर खर्च इंजिनाआधी तिथे करावा.

अण्णांना आठ महिने कुणी विचारलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. घरात तीस वर्षं सांधे फिरवलेला माणूस असताना आराखडा संगणकावर होत राहिला. त्यांनीही आपणहून काही सांगितलं नाही, कारण त्यांना ते बापलेकीचं काम वाटत होतं. पहिल्या आठवड्यात कुणी त्यांना एवढंच विचारलं असतं की यार्डात रोज काय करायचात, तर चिठ्ठ्यांचा खेळ तेव्हाच सुरू झाला असता.

माझा लहान यार्डाचा सल्ला प्रत्येक घराला लागू पडेल असं मात्र मी म्हणणार नाही. ज्या मुलाला वेग आवडतो, त्याला चिठ्ठ्या आणि सायडिंग कंटाळवाणे होतील. त्याला जमिनीवरची अंडाकृतीच द्यावी, आणि नॉब पूर्ण फिरणार नाही अशी काहीतरी अडसर लावावी, म्हणजे वळणावर इंजिन उडत नाही. इथे यार्ड चाललं, कारण ताईला थांबवणं आणि सोडणं आवडतं आणि तिच्या शेजारी अण्णा होते.

एक गोष्ट अजून ठरायची आहे. बाबांचा घाटाचा तुकडा आणि ताईचं यार्ड जोडायचं की नाही. रुळांची जमिनीपासूनची उंची दोन्हीकडे सारखी ठेवली आहे, जोडाच्या टोकाला रूळ कडेपासून आठ सेंटिमीटरवर आहेत, वायरीही तशाच सोडल्या आहेत. बाबांनी मार्चमध्ये विचारलं होतं. ताईने सांगितलं की जोडायचं असेल तर मध्ये फाटक पाहिजे, आणि त्याचा दोरा तिच्याकडे. बाबा सध्या त्याचा नकाशा काढत आहेत.